हिचं वाढलंय ना?

आमच्या धारच्या घरात चुलीच्या डाव्या हाताला दोन वस्तू भिंतीला टेकून उभ्या असायच्या. एक फुंकणी आणि दुसरा बंदुकीचा गज. पाहुण्या बायका फुंकणी समजून गज उचलायच्या, तोंडाशी न्यायच्या आणि फुंकायला भोकच सापडलं नाही की गोंधळून आमच्या काकूकडे बघायच्या. काकू गज त्यांच्या हातून काढून घ्यायची आणि फुंकणी पुढे करायची. बंदुकीचा गज स्वयंपाकघरात कशाला, असं कुणी विचारलं तर म्हणायची, बंदूक बाहेरच्या खोलीत आहे म्हणून. विचारणारीला त्यातून काही उमगायचं नाही आणि काकूला तेच तेच समजावून सांगायची हौस नव्हती. मला ते उमगलं त्याला आता पन्नासाहून जास्त वर्षं झाली. पुढे खूप घरं बघितली, बंदुका बाळगणारे मोठमोठे लोक बघितले, आणि दर खेपेला ही बाई किती मोठी होती ते नव्यानं कळलं. म्हणून लिहायला बसले आहे.

काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. काका संस्थानच्या जंगलखात्यात होते. महिन्यातले वीस दिवस ते गंधवानीकडच्या रानात नाहीतर मांडूच्या घाटात असायचे. वडील दप्तरात कारकून. त्यांचं सगळं आयुष्य कागदाला टाचण्या लावण्यात गेलं आणि टाचणीपेक्षा धारदार वस्तूला त्यांनी आपणहून कधी हात लावला नाही. सरकारनं दिलेल्या चार खोल्यांच्या कौलारू घरात दोघा भावांचे संसार एकत्र होते. काकूची तीन मुलं आणि आम्ही दोघी बहिणी, अशी पाच पोरं त्या चार खोल्यांत दिवसभर धुडगूस घालत असू. त्याच चार खोल्यांत काकांच्या दोन बंदुकाही होत्या. एक त्यांच्याबरोबर रानात हिंडायची, दुसरी घरी असायची.

बंदुका ठासणीच्या होत्या. हल्लीच्या पोरांनी त्या बघितल्या नसतील, म्हणून सांगते. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा, मग छर्रे, मग पुन्हा बोळा, आणि हे सगळं एका लांब गजानं ठासून बसवायचं. मागच्या अंगाला एक बारीक बोंडी असते, तिच्यावर तांब्याची टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो आणि बार होतो. या बंदुकीची गंमत म्हणा की दुष्टपणा म्हणा, तो असा की भरलेली आणि रिकामी बाहेरून अगदी सारखी दिसते. तोंडात डोकावून बघावं तर आत अंधार, आणि तोंडात डोकावण्याइतका मूर्खपणा दुसरा नाही. ती भरली आहे की नाही हे फक्त गज सांगतो. गज आत सोडायचा, तो जिथं थांबेल तिथं अंगठा धरायचा, मग बाहेर काढून नळीच्या अंगाला लावून बघायचा. बोंडीपर्यंत पोचला तर आत काही नाही. चार बोटं कमी पडला तर आत कुणीतरी बसलेलं आहे.

काकूनं या बंदुकीची ताटातूट करून ठेवली होती. बंदूक बाहेरच्या खोलीत उंच खुंट्यांवर, तोंड दगडी भिंतीकडे. दारू मागच्या खोलीत कुलपाच्या पेटीत, किल्ली काकूच्या कमरेला. गज चुलीशेजारी. आणि टोप्या कुठे, तर तिच्या फणी-करंड्याच्या पेटीत, कुंकवाच्या करंड्याखाली. त्या पेटीला हात लावायची आम्हा मुलांची छाती नव्हती आणि पुरुषांना तर ते सुचलंच नसतं. त्यामुळे जंगलखात्याचा अंमलदार, ज्याला बघून लाकूडचोर पळत सुटायचे, तो दौऱ्यावर निघताना बायकोसमोर तळहात पसरून उभा राहायचा, आणि ती मोजून टोप्या द्यायची. काका यावर कुरकुरायचे, पण हसत हसत. काकूचं म्हणणं साधं होतं. या चौघांची गाठ पडली तर ती बंदूक. तोपर्यंत नुसतं लोखंड आणि लाकूड. गज मात्र ती रिकामा उभा राहू द्यायची नाही. श्रीखंड करायचं असलं की दोन खुंट्यांवर तो आडवा टाकून त्याला दह्याचं फडकं टांगायची.

पण ताटातूट कुणीही करील. तिचं खरं शहाणपण पुढेच होतं. आमच्या आळीत ज्या ज्या घरी हत्यारं होती तिथं मुलांना एकच सांगितलेलं असायचं, हात लावलास तर हात मोडीन. त्या मुलांना घरातल्या बंदुकीचं असं वेड असायचं की विचारू नका. काकूनं आम्हाला उलटं सांगितलं. बघायची असेल तेव्हा मला सांगायचं, मी काढून दाखवीन. आणि तिनं तो शब्द पाळला. आम्ही मुद्दाम अडचणीच्या वेळी मागून बघितलं. ती पोळ्या लाटत असायची, कणकेचे हात, तवा तापलेला. आम्ही म्हणायचो, काकू, बंदूक बघायची. ती तवा उतरवायची, हात धुवायची, गज घेऊन बाहेरच्या खोलीत यायची. आम्हाला आपल्या पाठीमागे ओळीनं उभं करायची. बंदूक खाली घ्यायची, तोंड भिंतीकडे, गज सोडायची, मोजायची, आम्हाला अंगठा दाखवायची. घोडा, चाप, बोंडी, एकेक नाव विचारायची. मग पुन्हा वर ठेवायची आणि जाऊन तवा चढवायची. चार-सहा वेळा असं झाल्यावर आम्हाला त्या बंदुकीचा कंटाळा आला. चोरून बघण्यासारखं तिच्यात काही उरलंच नाही. मुलांना एखाद्या गोष्टीचा कंटाळा आणणं हे किती अवघड काम आहे ते मला माझी स्वतःची मुलं झाल्यावर समजलं.

तिच्याजवळ आमच्यासाठी दोनच नियम होते. आपण होऊन हात लावायचा नाही. आणि बंदुकीबद्दल जरासुद्धा काही वेगळं दिसलं, ऐकलं, तर जे हातात असेल ते टाकून मोठ्या माणसाला सांगायचं, मग तिथं कुणीही बसलेलं असो. दुसरा नियम पहिल्यापेक्षा अवघड आहे. त्या काळी मुलींनी चारचौघांत तोंड उघडायचं नसायचं.

एवढी सगळी हुशार बाई, पण एका बाबतीत ती अगदी जुन्या वळणाची होती, आणि ते सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट समजायची नाही. काकू अशुभ शब्द तोंडातून काढायची नाही. बांगडी फुटली असं ती म्हणायची नाही, बांगडी वाढवली. नारळ फोडला नाही, वाढवला. इथवर सगळ्याच घरांत चालतं. काकू त्याच्याही पुढे जायची. मीठ संपलं तर मीठ वाढलं. तेल संपलं तर तेल वाढलं. डबा रिकामा झाला तर डबा वाढला. आम्ही मुलं तिला चिडवायचो, काकू, आमची शाळेतली अक्कलही वाढली. ती हसायची, पण शब्द बदलायची नाही. बंदुकीबद्दलही तेच. गज बोंडीपर्यंत पोचला की ती म्हणायची, वाढलंय. म्हणजे आत काही नाही, आता खुशाल श्वास घ्या. ‘रिकामी’ हा शब्द मी तिच्या तोंडून दहाव्या वर्षापर्यंत ऐकला नव्हता.

आता माझं आजोळ. ते देवासला. देवासची मजा अशी की गाव एक आणि राज्यं दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या बाजूला एकाचा शिपाई उभा, त्या बाजूला दुसऱ्याचा. माझे मामा त्यातल्या एका दरबारच्या शिकारखान्यात होते. उमदा माणूस. दारात आला की आधी त्याचं हसणं घरात यायचं. मालव्यातच वाढलेला, त्यामुळे मराठी बोलता बोलता हिंदीत कधी शिरायचा ते त्याचं त्यालाही कळायचं नाही. त्या घरात बंदुकीचे फार लाड. तिला सगळे ‘बाईसाहेब’ म्हणायचे. बाईसाहेब झोपाळ्यामागच्या भिंतीवर कायम भरलेल्या असायच्या आणि भरलेल्या आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी तिकडे फिरकायचं नाही. ही त्यांची रीत होती आणि त्यांच्या घरापुरती ती चालून गेली होती. बंदूक भरायची झाली की मामा आजीला ओरडून सांगायचे, बाईसाहेबांचं पान वाढतोय बरं का. दारू म्हणजे भात, छर्रे म्हणजे वरण. आणि शिकारखान्यातला कुणी सोबती विचारायचा, “हिचं वाढलं का?” मामा म्हणायचे, “हौ, वाढलं.” म्हणजे भरली.

मी दहा वर्षांची होते त्या उन्हाळ्यात दीड महिना देवासला होते. हे सगळं रोज ऐकत होते आणि त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं. धारला धारची भाषा, देवासला देवासची. पोरांना असल्या गोष्टी जड जात नाहीत.

त्याच वर्षी भाद्रपदात आईला तिसरी मुलगी झाली. तिसरीही मुलगीच म्हणून आळीतल्या बायका तोंड वाकडं करून गेल्या. काकूनं त्यांना साखर दिली आणि लवकर वाटेला लावलं. आई आतल्या खोलीत बाळंतिणीच्या खाटेवर होती. दाराला जाड पडदा, आत शेगडी, ओवा-शेपाची धुरी. बाळ महिन्याचं झालं आणि नवरात्र संपत आलं तेव्हा मामा बहिणीला आणि भाचीला बघायला देवासहून आले. इंदूरमार्गे दोन दिवसांची वाट, वाटेत रान, म्हणून बाईसाहेब बरोबर होत्या.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा. आमच्याकडे मधल्या खोलीत देवांसमोर लांब पाट मांडायचे, त्यावर घरची बंदूक, वडिलांची लेखणी कोरायची सुरी, कोयता, अडकित्ता, काकूची विळी. सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडूच्या माळा. काका दौऱ्यावर होते, म्हणून पूजेला वडील बसले होते, सोवळं नेसून, पोथी मांडीवर. काकूही सोवळ्यात होती. तिनं सकाळीच घरच्या बंदुकीत गज सोडून बघितला होता आणि मग ती पाटावर ठेवली होती.

एवढ्यात मामा आंघोळ करून आले आणि त्यांनी आपली बंदूक पाटावर ठेवली. अगदी प्रेमानं, फुलं न विस्कटता. पूजेची हत्यारं पूर्वेकडे तोंड करून ठेवावीत असं त्यांच्याकडे असावं, कारण त्यांनी ती आमच्या बंदुकीच्या उलट दिशेनं ठेवली. आमच्या बंदुकीचं तोंड भिंतीकडे होतं. मामांच्या बंदुकीचं तोंड आईच्या खोलीच्या पडद्याकडे होतं. मग त्यांनी झेंडूची एक माळ घेतली आणि घोड्याभोवती तिचे दोन वेढे दिले. माळेखाली घोडाही दिसेना आणि बोंडीही दिसेना.

काकू स्वयंपाकघराच्या दारात होती, गज तिच्या हातात होता. मी तिच्या शेजारीच होते, म्हणून मला तिचा चेहरा दिसला. ती दोन पावलं पुढे आली आणि थांबली. आज मला कळतं की त्या क्षणी तिच्या मनात काय काय आलं असेल. जावेचा भाऊ, लांबून आलेला पाहुणा, स्वतः शिकारखान्यातला माणूस. त्याच्यादेखत त्याच्या बंदुकीत गज सोडायचा म्हणजे तुमच्या शब्दावर भरवसा नाही असं तोंडावर सांगणं. त्यातून बंदुकीला माळ चढलेली, पूजा मांडलेली. काकूनं गज खाली केला आणि हसून विचारलं,

“मामासाहेब, हिचं वाढलंय ना?”

“हौ वहिनी, वाढलंय,” मामा म्हणाले. “सणाच्या दिवशी तशीच कशी आणीन?”

काकूनं मान डोलावली. गज चुलीशेजारी ठेवून आली. वडिलांनी आचमन केलं आणि पोथी वाचायला सुरुवात केली.

दोघंही खरं बोलले होते. काकूनं विचारलं होतं की ही रिकामी आहे ना. मामांनी सांगितलं होतं की ही भरली आहे, सणाच्या दिवशी बाईसाहेबांना उपाशी कसं ठेवू. त्यांच्या घरी पूजा झाली की अंगणात जाऊन बार काढायची रीत होती. आणि दोघांनाही बरं वाटलं होतं. त्या वेळी घरात दोन्हीकडच्या बोलण्याचा अर्थ जाणणारी दोन माणसं होती. एक माझी आई, पडद्याआड, तिला हे ऐकू गेलं नव्हतं. दुसरी मी.

मला लगेच कळलं असं मी म्हणणार नाही.  ‘वाढलंय’ हा शब्द मामांच्या तोंडून आला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे देवासचा झोपाळा आला, आणि मामा गजानं ठासताहेत ते आलं. मग मी पाटाकडे बघितलं. आमच्या पूजेत शेवटी घरातल्या प्रत्येकानं, अगदी लहानातल्या लहान पोरानं, एकेका हत्याराला फूल वाहून हात लावून नमस्कार करायचा असतो. माझी धाकटी बहीण चार वर्षांची होती. तिला फुलं वाहण्यापेक्षा उचलायला जास्त आवडायचं. ती पाटाजवळ गुडघ्यांवर बसली होती आणि घोड्यावरच्या त्या माळेचं टोक बोटानं हलकेच ओढून बघत होती.

मी एकदम पुढे झाले. वडील मंत्र म्हणत होते. मामा डोळे मिटून हात जोडून बसले होते.  माझं चुकत असेल तर? मामांचा अपमान, वडिलांची पूजा मोडली, आणि एवढ्याशा मुलीनं. पण काकूचा नियम होता की तिथं कुणीही बसलेलं असो. मी बहिणीचा हात धरून तिला मागे ओढलं आणि म्हटलं,

“काकू, देवासला वाढलंय म्हणजे भरलंय.”

वडील थांबले आणि रागानं म्हणाले की मोठ्यांच्या मध्ये बोलू नये, पूजा चालू आहे. ते बरोबरच होतं, त्या काळच्या हिशेबानं. पण काकूनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती माझ्याकडे बघत होती. पुष्कळ मोठी माणसं लहान मुलाचं बोलणं ऐकतात ते नुसतं वरवर, पुढचं आपलं बोलणं तयार ठेवून. ती बाई तसं ऐकत नव्हती. तिनं ते वाक्य मनात पुन्हा एकदा म्हटलं असावं, आणि मग तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“भावजी, थांबा,” ती म्हणाली. “मुलांनो, सगळे मागच्या अंगणात. पळायचं नाही, चालत जायचं.”

बाकीची पोरं चालत गेली. मी मात्र दारात थांबले आणि मला कुणी हाकललं नाही. मामा गोंधळून उठत होते, मी बघतो वहिनी, म्हणत होते. काकूनं हातानंच त्यांना बसवलं. पाटाच्या बाजूनं ती बंदुकीच्या मागच्या अंगाला गेली, तोंडासमोरून नाही. माळ ओढली नाही. सुरीनं दोन ठिकाणी कापली आणि फुलं एकेक करून बाजूला केली. खाली तांब्याची टोपी चमकत होती. तिनं बंदूक उचलून आधी तोंड भिंतीकडे केलं, मग अंगठ्यानं घोडा मागे धरून टोपी काढली आणि पदराच्या गाठीत बांधली. मग माझ्याकडे न बघताच हात मागे केला. मी चुलीजवळून गज आणून त्या हातात दिला.

गज आत गेला आणि थांबला. काकूनं अंगठा धरला, गज बाहेर काढला, नळीला लावला. चार बोटं कमी होता. तिनं दोन वेळा मोजलं. मग तो अंगठा तसाच धरून मामांना दाखवला.

मामांचं हसणं तेव्हा पहिल्यांदा गेलेलं मी बघितलं. त्यांनी नळीकडे बघितलं, मग पाटावर ती जिथं ठेवली होती तिथं, मग तिथून समोरच्या पडद्याकडे. बराच वेळ ते पडद्याकडेच बघत राहिले. आतून आईनं विचारलं, काय झालं, पूजा का थांबली. 

मग मामांनी बंदूक आणि टोपी मागितली, अंगणापलीकडे टेकाड होतं त्याच्या पोटाशी गेले आणि मातीत बार काढला. सगळ्या आळीत आवाज घुमला, कौलांवरची कबुतरं उडाली आणि आत बाळ किंचाळून रडायला लागलं. त्या रडण्यानं घरात सगळ्यांना जो आनंद झाला तो मी कसा सांगू? काकू भिंतीला टेकून खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. तिला रडताना मी त्याआधी बघितलं नव्हतं आणि त्यानंतरही फारसं नाही.

मामा परत आले ते मान खाली घालून. काकूच्या पायाशी वाकायला लागले तेव्हा ती झटकन उठली. ती त्यांना काय म्हणाली ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण एवढी मोठी बाई आपली चूक एवढ्या सरळ सांगते हे मी प्रथमच ऐकत होते.

“तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही खरं तेच सांगितलंत. गज माझ्या हातात होता आणि मी तो ठेवून आले. शब्दावर राहिले. चुकले ती मी.”

माझ्या पाठीवर शाबासकी देणं, पोर किती हुशार म्हणणं, असलं तिनं काही केलं नाही. तिनं पुन्हा आंघोळ केली, पुन्हा सोवळं नेसली. मामांची बंदूक पुसून परत पाटावर ठेवली, या वेळी तोंड भिंतीकडे. गज सोडला. तो बोंडीपर्यंत पोचला. मग देवांच्या समोर, ऐन नवमीला, घरात महिन्याचं बाळ असताना, ज्या बाईनं मिठाचा डबाही कधी रिकामा होऊ दिला नव्हता ती खणखणीत आवाजात म्हणाली,

“रिकामी आहे.”

वडील दचकले. अशुभ शब्द, आणि पूजेत.  काकूनं मला जवळ बोलावलं, गजावरचा अंगठा दाखवला आणि विचारलं की सांग, कशी आहे. मी म्हटलं, रिकामी आहे. तिनं सांगितलं, मोठ्यानं. मी मोठ्यानं म्हटलं. मग वडिलांनी अक्षता टाकल्या.

त्या दिवसापासून आमच्या घरी मीठ वाढत राहिलं, तेल वाढत राहिलं, बांगड्या वाढत राहिल्या. काकूनं आपली भाषा सोडली नाही. फक्त बंदुकीपुरता एकच शब्द ठरला आणि तो पाहुण्यांनाही पाळावा लागला. खंडेनवमीला गज सोडल्याशिवाय कुणाचंही हत्यार पाटावर चढेना, मग तो सुभेदार असो की दरबारचा माणूस. काही जण रागावले. एक गृहस्थ तर आपली तलवार उचलून घेऊन गेले. तलवारीत गज सोडत नाहीत हे त्यांना सांगायलाही कुणाला सवड मिळाली नाही. मामांनी मात्र देवासला जाऊन झोपाळ्यामागची जागा मोडून टाकली. बाईसाहेबांचं पान वाढणं फक्त रानात, घरात उपास, असं त्यांनी आजीला सांगितलं. आजी म्हणाली, बरं झालं, माझा झोपाळा आता निवांत हलेल.

दरवर्षी गज काकू सोडायची आणि ‘रिकामी आहे’ हे शब्द मी म्हणायचे. मग माझं लग्न झालं, सासर देवासचंच मिळालं, आणि माझ्या मागे ते शब्द माझ्या धाकट्या बहिणीकडे गेले, आणि तिच्या लग्नानंतर सगळ्यात लहानीकडे. म्हणजे जी त्या दिवशी पडद्याआड महिन्याची होती तिच्याकडे.

ती बारा वर्षांची असताना मी माझ्या मुलाला घेऊन नवमीला माहेरी गेले होते. काकूचे केस तोवर पांढरे झाले होते, हात थोडे थरथरायला लागले होते. त्या वर्षी तिनं गज पहिल्यांदाच लहानीच्या हातात दिला आणि स्वतः तिच्यामागे उभी राहिली. लहानीनं गज सोडला, मोजला, म्हणाली, रिकामी आहे. आणि मग गज काकूला परत देताना तिनं विचारलं की सगळ्यांच्या घरी नवमीला अशुभ बोलायचं नसतं, मग आपल्याच घरी हा शब्द का. इतकी वर्षं कुणी तिला सांगितलंच नव्हतं. आईला ते बोलवत नसे आणि काकूला आपली हुशारी सांगायची सवय नव्हती.

काकू म्हणाली, “ताईला विचार.”

मी तिला सगळं सांगितलं. झोपाळा, पान वाढणं, माळ, चार बोटं. शेवटी पाटावरची ती जागा दाखवली आणि तिथून समोरची खोली दाखवली. पडदा आता नव्हता, नुसतं दार होतं.

“तू तिथं होतीस,” मी म्हटलं. “आईच्या कुशीत.”

ती दाराकडे बघत राहिली. मग वळली, काकूकडून गज पुन्हा मागून घेतला, बंदुकीच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि सावकाश दुसऱ्यांदा मोजलं.